शुक्राकडे निघालेली २९३ सेकंदं

(सर्व वेळा फ्लोरिडाच्या स्थानिक घड्याळाप्रमाणे)

ऑगस्ट १९६१

शुक्राकडे पाठवलेल्या मरिनर-१ या अमेरिकी यानाची हकिगत सांगणारे बहुतेक जण २२ जुलै १९६२ च्या पहाटेपासून सुरुवात करतात आणि पाच मिनिटांत संपवतात. तेवढ्याने त्या रात्रीचं फारसं काही कळत नाही. कॅलिफोर्नियात पासाडेनाला, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एक मोठी योजना बाजूला सारून छोटी हाती घेतली गेली, तिथून मोजायला हवं.

मोठी योजना होती पाचशे किलोहून जड यानाची. ते उचलायला सेंटॉर हा नवा टप्पा लागणार होता, द्रवरूप हायड्रोजनवर चालणारा. तो वेळेत तयार होणार नाही हे १९६१ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळून चुकलं. पण शुक्र कुणासाठी थांबत नाही. कमी इंधनात तिथे पोहोचता येईल अशा जागी पृथ्वी आणि शुक्र येतात ते साधारण १९ महिन्यांतून एकदा. आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेसाठी मार्च २०२८ ठरला आहे, तोही याच हिशेबाने. १९६२ मधला हा काळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा, ५६ दिवसांचा होता. तो हुकला तर पुढची संधी १९६४ मध्ये. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१ फेब्रुवारी १९६१ मध्येच शुक्राकडे निघालं होतं आणि वाटेत मुकं झालं होतं. दुसऱ्या ग्रहाजवळून माहिती पाठवणारं पहिलं यान कोणाचं, याचा निकाल लागायचा होता.

लॅबोरेटरीने सुचवलेला मार्ग असा: चंद्रासाठी बांधत असलेल्या रेंजर यानाचा सांगाडा घ्यायचा, मोठ्या योजनेतलं जमेल तेवढं त्यावर चढवायचं आणि हाताशी असलेल्या अ‍ॅटलस-अजीना रॉकेटने ते पाठवायचं. सगळं मिळून वजन जेमतेम २०० किलो. त्यात शास्त्रीय उपकरणांच्या वाट्याला सुमारे १८ किलो. नासाने होकार दिला. प्रकल्पप्रमुख जॅक जेम्स यांच्या हातात पुरतं एक वर्षही नव्हतं.

त्या १८ किलोंची वाटणी ज्या विचाराने झाली, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. यानावर कॅमेरा नव्हता. ढगांनी पूर्ण झाकलेल्या ग्रहाचं छायाचित्र त्यांच्या प्रश्नाचं उत्तर देणार नव्हतं. प्रश्न असा होता: १९५६ पासून रेडिओ दुर्बिणींना शुक्राकडून येणाऱ्या लहरींत सुमारे ३०० अंश सेल्सिअसची उष्णता दिसत होती. ती खरोखर जमिनीची, की वातावरणाच्या अगदी वरच्या विद्युतभारित थरातून उठणारा नुसता रेडिओ-कल्लोळ? पहिलं खरं असेल तर शुक्र ही भट्टी, दुसरं असेल तर ढगांखाली समुद्रही असू शकेल. या दोन शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करण्याची युक्ती साधी होती. ग्रहाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेडिओ-तापमापक फिरवायचा. उष्णता खालून येत असेल तर कडा मंद दिसतील, कारण तिथे लहरींना जाड वातावरणातून तिरकं यावं लागतं. वरून येत असेल तर कडा उजळ दिसतील. पृथ्वीवरून शुक्राच्या कडा इतक्या स्पष्ट वेगळ्या काढता येत नव्हत्या, म्हणून जवळ जायचं होतं.

आणि पहिल्या दिवसापासून योजनेत यानं दोन होती. हुबेहूब सारखी, एकाच तळावरून, काही आठवड्यांच्या अंतराने जाणारी.

शुक्रवार, २० जुलै १९६२, रात्री ११:३३

केप कॅनव्हरलच्या १२ क्रमांकाच्या तळावर अ‍ॅटलस उभं आहे. स्टेनलेस स्टीलच्या इतक्या पातळ पत्र्याचं, की आत दाब नसेल तर स्वतःच्या वजनाने दुमडून पडेल. त्यावर अजीना, आणि टोकाला आवरणाच्या आत पंख मिटलेलं मरिनर-१.

उलटी मोजणी सुरू झाली, पण उशिराने. उशीर होत होता तो रेंज सेफ्टीच्या यंत्रणेमुळे. रॉकेट भरकटलं तर जमिनीवरून आज्ञा देऊन ते हवेतच फोडायचं, ही तिची जबाबदारी. केपवरून सुटणाऱ्या रॉकेटमध्ये त्यासाठीची स्फोटकं आधीच बसवलेली असत. ही यंत्रणा चोख असल्याशिवाय कुणालाही उडू दिलं जात नसे.

शनिवार, २१ जुलै, पहाटे २:२०

मध्ये आणखी एकदा थांबून १२:३७ ला मोजणी पुन्हा चालू झाली होती. उड्डाणाला ७९ मिनिटं उरली असताना त्याच यंत्रणेच्या मंडलात एक फ्यूज उडालेला आढळला. फ्यूज बदलणं क्षणाचं काम. पण तो का उडाला हे कुणाला सांगता येईना, आणि कारण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरलं. त्या रात्रीचं उड्डाण रद्द झालं.

हा निर्णय ध्यानात ठेवावा असा आहे. ५६ दिवसांतला प्रत्येक दिवस मोलाचा, सगळी माणसं जागरणाने थकलेली. तरी ज्या मंडलाचा उपयोग होऊ नये अशी प्रत्येकाची इच्छा होती, त्याच्याविषयी जराशी शंका आली म्हणून ते थांबले. सव्वीस तासांनी त्याच मंडलाची गरज पडली, आणि तेव्हा ते चाललं.

रात्री ११:०८

दुसरा प्रयत्न. यानाची वीज चालू झाली. उलट्या मोजणीचं घड्याळ २०० मिनिटांवर.

रविवार, २२ जुलै, रात्री १२:१७

१३० मिनिटं उरली असताना पहिला थांबा. रॉकेटचा माग काढणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रणेतला एक भाग खरखर करत होता. तो बदलला. १२:४८ ला मोजणी पुन्हा सुरू.

हा माग कसा काढत, ते इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आजच्या रॉकेटचा मेंदू रॉकेटातच असतो. १९६२ च्या अ‍ॅटलसचा बराचसा मेंदू जमिनीवर होता. केपवरच्या रेडिओ केंद्रातून लहर जाई, अ‍ॅटलसवर बसवलेला संकेतक तिला उत्तर देई, आणि त्या उत्तरावरून रॉकेट कुठे आहे आणि किती वेगाने दूर जातंय हे ठरे. हे आकडे बरोज कंपनीच्या संगणकात जात. संगणक समीकरणं सोडवी, आणि डावीकडे किती, उजवीकडे किती, इंजिन कधी बंद, या आज्ञा पुन्हा रेडिओनेच वर जात.

येणारे आकडे कधीच स्वच्छ नसत. त्यांत खरखर असेच. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा थरथरत असताना आपण वजन वाचत नाही, तो स्थिरावला की वाचतो. संगणकालाही तसंच सांगितलेलं होतं: आलेल्या वेगाच्या सुट्या आकड्यावर भरवसा ठेवू नकोस, त्यांची सरासरी काढून गुळगुळीत केलेली किंमत घे. समीकरणांत ही सूचना लिहायची खूण एवढीशी. अंतरासाठी आर हे अक्षर, ते बदलण्याचा दर म्हणून त्याच्यावर एक टिंब, आणि सरासरी घ्यायची म्हणून त्या टिंबाच्याही वर एक आडवी रेघ.

हाताने लिहिलेली समीकरणं प्रोग्रॅमसाठी उतरवून घेताना ती रेघ राहून गेली होती. ती राहिल्याला कितीतरी दिवस लोटले होते, आणि ती रात्रभर कुठेही खरखर करणार नव्हती.

१:५८ ते २:३८

ठरवून ठेवलेला थांबा. हवामान चांगलं.

सुमारे ३:४०

उड्डाणाला ८० सेकंदं असताना मोजणी थांबली. रेडिओ मार्गदर्शन यंत्रणेच्या वीजपुरवठ्यात चढउतार. चौतीस मिनिटं गेली.

इतक्या वर्षांनी या नोंदी वाचताना मला राहून राहून हे वाटतं, की ती माणसं बरोबर त्याच गल्लीत शोधत होती. रात्रीचे दोन्ही अनपेक्षित थांबे मार्गदर्शनाच्या साखळीतले: आधी माग काढणारी यंत्रणा, मग तिची वीज. जे उपकरण कुरकुरलं ते त्यांनी ऐकलं, जी सुई हलली ती त्यांनी पाहिली. संगणकातला प्रोग्रॅम मात्र दिल्या आज्ञेप्रमाणे बिनचूक चालत होता. आज्ञाच अपुरी होती, आणि ते दाखवणारी सुई कुठल्याच तबकडीवर नव्हती.

४:१६

मोजणी पाच मिनिटांवर मागे नेऊन पुन्हा सुरू.

४:२१:२३

अ‍ॅटलसने तळ सोडला. भारतात तेव्हा रविवारची दुपार, तीन वाजत आले होते.

काम असं ठरलं होतं: अ‍ॅटलसने पाचेक मिनिटं ढकलायचं आणि गळून पडायचं. मग अजीनाने पेटून सुमारे १८५ किलोमीटर उंचीच्या कक्षेत शिरायचं, इंजिन बंद करून थोडा वेळ तसंच पुढे सरकायचं, आणि योग्य जागी येताच पुन्हा पेटून यानाला शुक्राच्या वाटेला लावायचं. सुरुवातीचा टप्पा नेमका कागदावरच्यासारखा झाला.

४:२४ च्या आगेमागे

अ‍ॅटलसवरचा वेगाचा संकेतक नीट चालेना. उड्डाणात चार वेळा तो गप्प झाला. सर्वांत लहान खंड दीड सेकंदाचा, सर्वांत मोठा ६१ सेकंदांचा.

एवढ्याने अनर्थ व्हायला नको होता. संकेत अधूनमधून तुटणार हे गृहीत धरूनच सगळी रचना केलेली होती. उत्तर येणं थांबलं की जमिनीवरचा रेडिओ-ग्राहक आपली वारंवारता खाली-वर फिरवत हरवलेला संकेत शोधू लागे. त्या शोधाशोधीचे आकडे म्हणजे रॉकेटचा वेग नव्हे, म्हणून ते गाळून टाकायचे किंवा सरासरीत विरवून टाकायचे होते. ती चाळणी प्रोग्रॅममध्ये नव्हती. संगणकाने ग्राहकाची शोधाशोध हीच रॉकेटची हालचाल समजली. त्याच्या दृष्टीने अ‍ॅटलस वेडंवाकडं धावत होतं, म्हणून तो ते सरळ करणाऱ्या आज्ञा वर पाठवू लागला. अ‍ॅटलस सरळच चाललं होतं. त्या आज्ञा इमानाने पाळून ते वाकडं झालं.

दोन्ही दोष वेगवेगळे निरुपद्रवी होते. संकेतक नीट असता तर रेघ नसल्याचं कुणाला कळलंही नसतं. रेघ असती तर संकेतकाच्या खोड्या सहज पचल्या असत्या. त्या तीन-चार मिनिटांत दोन्हींची गाठ पडली.

४:२५

रेंज सेफ्टी अधिकाऱ्यापुढे रॉकेटचा मार्ग दिसत असतो, आणि इंजिन या क्षणी बंद पडलं तर अवशेष कुठे पडतील ती जागाही. केपवरून निघालेल्या या रॉकेटने आग्नेयेकडे अटलांटिकवरून जायचं होतं. ते वर उचललं जात ईशान्येकडे वळू लागलं. त्या बाजूला उत्तर अटलांटिकमधल्या जहाजांचे वर्दळीचे मार्ग होते, आणि त्यापुढे माणसांची वस्ती.

आज्ञा जात होत्या, रॉकेट त्या पाळत होतं, आणि प्रत्येक आज्ञेगणिक अधिक चुकत होतं.

४:२६:१६

या अधिकाऱ्याचं काम मला जगातल्या अवघड कामांपैकी एक वाटतं. घाई केली तर जे रॉकेट स्वतःला सावरू शकलं असतं ते वाया जातं. उशीर केला तर ते हाताबाहेर जातं. त्या पहाटे हा हिशेब आणखी आवळलेला होता, कारण अ‍ॅटलस आणि अजीना एकमेकांपासून सुटले की पुढचा भाग नष्ट करण्याची सोय उरत नव्हती. ते सुटायला सहा सेकंदं बाकी होती.

त्याने बटण दाबलं. उड्डाणाचं २९३ वं सेकंद होतं. समुद्रावरचं आकाश उजळलं आणि जळते तुकडे अटलांटिककडे निघाले.

उड्डाणतळाच्या लोकांनी त्याला शुक्रासाठी आणखी सहा सेकंदं मागितली असती तर ते माणसाच्या स्वभावाला धरून झालं असतं. पण वाट पाहून काही मिळणार नव्हतं. त्या चुकीच्या दिशेने अजीना कधीच ठरल्या कक्षेत शिरली नसती. खालच्या कुठल्याशा जहाजावरची माणसं त्या पहाटे निवांत झोपून राहिली. त्यांना हे कधी कळलंही नसेल.

४:२७:२०

फुटलेल्या मरिनरचा रेडिओ-प्रतिसादक अजून बोलत होता. नाशाची आज्ञा गेल्यानंतर तब्बल एक मिनिट चार सेकंदं, खाली कोसळताना, तो संकेत पाठवत राहिला. घाईने बांधलेलं यान कच्चं होतं असा कुणाला संशय असेल, तर त्याने ही नोंद पाहावी.

पुढचे दहा दिवस

चौकशी झपाट्याने झाली. तसं करणं भागच होतं, कारण दुसरं यान तयार होतं आणि दिवस संपत होते. संकेतकाचा बिघाड आणि प्रोग्रॅममधून सुटलेली खूण ही दोन कारणं आठवड्याभरात वर आली. अधिकृत निवेदनांत त्या खुणेला हायफन म्हटलं गेलं. अमेरिकी वर्तमानपत्रांनी तोच शब्द उचलला, त्यापुढे १ कोटी ८५ लाख डॉलरचा आकडा जोडला, आणि एका हायफनने यान बुडवलं ही कहाणी जगभर झाली. पुढे संगणकाचे इतिहासकार पॉल सेरुझी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं की ती खूण म्हणजे आरच्या डोक्यावरची ती आडवी रेघ होती. आणखी एक आवृत्ती प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांतून फिरते: फोरट्रान भाषेतल्या एका ओळीत स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम पडला आणि मरिनर कोसळलं. ती चूक खरी आहे, पण दुसऱ्या घरची. ती माणसांना अवकाशात नेणाऱ्या मर्क्युरी मोहिमेसाठीच्या एका प्रोग्रॅममध्ये सापडली होती, आणि तिच्यामुळे कुठलंही यान पडलं नाही.

या कहाण्यांत खटकतं ते हे, की त्या सगळ्या एका निष्काळजी हाताकडे बोट दाखवतात. रेघ गाळणारा माणूस कोण हे मला शोधावंसं वाटत नाही. समीकरणं लिहिणारा गणिती सावध होता, प्रोग्रॅम लिहिणाराही सावध होता. चूक पडली ती एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर गेला तिथे. त्या जागेवर लक्ष ठेवणं तेव्हा कुणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं. अकरा महिन्यांत वजन ग्रॅमग्रॅमने मोजलं गेलं, हजारो सुटे भाग तपासले गेले. फ्यूज संशयास्पद वाटला म्हणून पूर्ण रात्र सोडून दिली गेली. प्रोग्रॅमलाही तेवढंच तपासावं लागतं, मुद्दाम बिघाड घडवून तो काय करतो ते पाहावं लागतं, ही जाण नंतरच्या वर्षांत आली आणि आज प्रत्येक यानाच्या तयारीत तिला मोठा वेळ दिला जातो. १९६२ मध्ये प्रोग्रॅम म्हणजे समीकरणांची स्वच्छ प्रत एवढंच समजलं जाई.

सोमवार, २७ ऑगस्ट १९६२, रात्री १:५३

प्रोग्रॅम दुरुस्त करून त्याच १२ क्रमांकाच्या तळावरून मरिनर-२ निघालं. पहिल्याला पडून ३६ दिवस झाले होते.

आणि हेही जवळजवळ गेलं. अ‍ॅटलसचं स्वतःभोवती फिरणं रोखणारं नियंत्रण मध्येच सुटलं, आणि रॉकेट गिरक्या घेऊ लागलं, सेकंदाला साधारण एक. असं फिरत असताना जमिनीवरून त्याला दिशा देता येत नव्हती. मग बिघाड आपोआप दूर झाला, गिरक्या थांबल्या, आणि थांबताना रॉकेटचं तोंड बरोबर हवं तिथे होतं. यात कुणाचं कौशल्य नव्हतं. ज्या योजनेत दोन यानं होती, तिच्या दुसऱ्या यानाला नशिबाने एवढी साथ दिली, असंच म्हणावं लागेल. त्याच आठवड्यांत सोव्हिएत संघाने शुक्रासाठी तीन प्रयत्न केले. तिन्ही यानं पृथ्वीच्या कक्षेतच अडकून राहिली.

१४ डिसेंबर १९६२

१०९ दिवसांच्या प्रवासानंतर मरिनर-२ शुक्रापासून ३४,७७३ किलोमीटरवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून माहिती पाठवणारं ते पहिलं यान. रेडिओ-तापमापक ४२ मिनिटं चालला आणि शुक्रावरून तीनदा फिरला: एकदा रात्रीच्या बाजूवरून, एकदा दिवस-रात्रीच्या सीमेवरून, एकदा दिवसाच्या बाजूवरून. कडा मध्यापेक्षा मंद निघाल्या. उष्णता जमिनीचीच होती.